पहिल्या वर्गाच्या सनदेची मोहीम

शिक्के अनंत, खिडक्या अनेक आणि मनुष्याचा देह एकच, हे ध्यानी धरोन सनदेच्या मोहिमेची कैफियत येणेप्रमाणे.

रुग्णालयाच्या धुलाईघरी बॉयलर होता आणि तयावर एकतीस वर्षे एकाच गृहस्थाचा अंमल होता. चादरी उकळाव्या, वाफ राखावी, आणि दाब वाढला तर काट्याआधी तयांस कळावे, ऐसी कीर्ति. परंतु मोठ्या बॉयलरास पहिल्या वर्गाचा दाखला पाहिजे ऐसे फर्मान सुटले, सबब छप्पन्नाव्या वर्षी ते परीक्षेस बसले, आणि जयाने उभ्या जन्मात व्हॉल्व्ह फिरविला नव्हता ऐशा परीक्षकाने तयांस व्हॉल्व्ह कैसा फिरवावा ते विचारिले. मग पास जाहले. मग दाखला चार महिने कचेरीच्या कपाटात कैद राहिला, कारण छायाचित्रात डावा कान दिसत नव्हता.

सोमवारी, म्हणजे शेवटच्या साध्या दिवशी, तयांनी बॉयलरघराच्या भिंतीवर, नियमाप्रमाणे दाखला लावावयाच्या जागी, रिकामी चौकट टांगिली आणि जोडीदार काकांस म्हणाले, "कान उगवला की दाखला येतोच बघ." घरी येऊन माहेरी आलेल्या एकुलत्या कन्येस, जी बहुत ग्रंथ वाचलेली, पुसिले, "उद्या येतेस का गं कचेरीत? तू बोललीस की ती माणसं ऐकतात."

"बघू, बाबा," कन्या बोलिली. पुस्तकातून मान वर केली नाही.

मंगळवारी सकाळी जिना उतरताना हृदय थांबले आणि गृहस्थ निवर्तले.

तेरावे उरकले, आणि पंधरवडा उलटण्याआधी काका दारी येऊन म्हणाले, "ताई, चौकट मी उतरवणार नाही. पण रिकामी बघवत नाही गं." मग कन्येने कागदपत्रांची रसद बांधोन कचेरीवर कूच केले.

खिडकीत शिक्केनवीस विराजमान होते, चहात बिस्कीट बुडवण्याच्या राजकार्यात गर्क. पहिल्या दिवशी हुकूम जाहला की धारकाने जातीने यावे. धारक हयात नाहीत ऐसा अर्ज केल्यावर हुकूम जाहला की तैसे धारकाच्या सहीने लिहून आणावे. दुसऱ्या दिवशी चूक उमगली आणि नवा हुकूम निघाला, की मृताचा दाखला रद्द करावा लागतो, आणि रद्द करावयास मूळ दाखला आधी जमा करावा. मूळ दाखला शिक्केनविसांच्या पाठीमागील कपाटात, दोन हातांवर होता. ऐशा बुद्धीवर राज्ये चालतात आणि बॉयलर मात्र शहाण्या माणसाच्या जिवावर चालतात.

तिसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांनी मेहेरबान होऊन फर्माविले, की 'रद्द' शिक्का मारोन कागद वारसास द्यावा. कन्येने अर्ज लिहिला, आणि शिक्केनविसांनी तो परत सरकविला.

"ताई, हे जुळत नाही. आमच्याकडे बॉयलर अटेंडंट. तुम्ही लिहिलंय इंजिनियर."

कन्येने पाहिले. अक्षर तिचेच. शाळेच्या फॉर्मात, मैत्रिणींत, सासरी, हात सव्वीस वर्षे हेच लिहीत आला होता आणि आजही आपसूक लिहून गेला. इतका वेळ कचेरीवर रोखलेला तोफखाना फिरला आणि तोंड घराकडे जाहले. शिक्केनविसांनी पहिल्यांदाच खरी चूक धरिली होती.

"नक्की काय होते? मोठ्याने सांगा, पंखा आवाज करतो."

मागे रांगेत बारा माणसे होती.

तयानंतर जांभळा शिक्का उमटला, सनद हस्तगत जाहली, काकांनी काच पुसोन चौकटीत बसविली, आणि गड सर जाहला म्हणोन दप्तरी नोंद. मोहिमेत एकच वार कामी आला, तो खिडकीशी. ती कन्या म्हणजे हा कागद लिहिणारी, सबब ते शब्द जैसेच्या तैसे:

"इंजिनियर मी केलं होतं त्यांना. लाज वाटायची मला. लिहा, माझे बाबा बॉयलर चालवायचे."