चष्मेकाकांचे बांधलेले हात

"या वेळी मी कशालाही हात लावणार नाही! लिहून ठेवा!"

रविवारी सकाळी बुटांच्या नाड्या आवळता आवळता चष्मेवाल्याने घरात जाहीर केलं. लिहून ठेवायला कुणी पुढे आलं नाही. बायको खिडकीच्या काचा पुसत होती, ती पुसतच राहिली. आणि जिच्यासाठी ही घोषणा होती ती मुलगी स्काउटच्या गणवेशात दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर विश्वासाचा लवलेश नव्हता.

"बाबा, खरं सांगू? तुम्ही आलाच नाहीत तर बरं."

"अगं, पथकाचा स्वयंसेवक आहे मी! रीतसर प्रशिक्षण घेतलंय!"

"म्हणून तर जास्त भीती वाटते."

मुलीचं काही चुकत नव्हतं. माणूस सज्जन, पण हातांना म्हणून स्वस्थता नाही! सारं आयुष्य दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या दांड्या सरळ करण्यात गेलेलं. तिरकं काही दिसलं की ह्याचा जीव कासावीस. एकदा बसच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थाच्या नाकावरचा चष्मा त्याने न विचारता नीट बसवला होता आणि वर "आता कसं!" असंही म्हणाला होता. गृहस्थ पुढची बस न पकडता पायीच निघून गेले.

मागच्या परीक्षेत मात्र हद्द झाली. मुलीच्या तुकडीने बांबूचा पूल बांधायला घेतला होता. "जरा इथे धरतो", "जरा तिथे आवळतो" असं करत करत ह्याने अख्खा पूल स्वतःच बांधून टाकला. पूल झकास झाला. परीक्षकांनी विचारलं, "या गाठी कुणी मारल्या?" मुलांनी खरं ते सांगितलं आणि तुकडी बाद! तुकडीची नायक कोण, तर ह्याचीच लेक. कितीतरी दिवस ती बापाशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "पुन्हा असं झालं तर मी पथक सोडणार."

हे त्याला फार लागलं होतं. लेक मोठी होत चालली होती. दुकान बंद करून तो घरी यायचा तोवर तिचा अभ्यास, तिच्या मैत्रिणी, तिच्या खोलीचं बंद दार. दोघांची म्हणून एक रविवारची सकाळ उरली होती. तीही गेली असती तर त्याने काय करायचं होतं?

म्हणून तो नव्या स्वयंसेवकांच्या वर्गाला जाऊन बसला. शिकवायला पथकाच्या मोठ्या ताई होत्या. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून काम केलेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर भले भले गप्प बसत.

"मुलांचं काम मुलांना करू द्या," ताई म्हणाल्या. "दूध करपलं तर करपू दे. तंबू पडला तर पडू दे. कुणाला इजा होणार असेल तर जरूर धावा, पण एरवी मध्ये पडायचं नाही. हात शिवशिवले की पाठीमागे धरायचे!"

ताई पुढेही बरंच बोलल्या. पण भिंतीवरचा नकाशा तिरका होता आणि चष्मेवाला तो सरळ करायला उठला होता.

तर आज तुकडीची पुन्हा परीक्षा होती. मैदानावर तंबू ठोकायचा, स्टोव्ह पेटवून परीक्षकांसाठी चहा करायचा, आणि सगळं मोठ्यांच्या मदतीशिवाय! गेल्या खेपेला हुकलेला बिल्ला आज मिळणार होता, किंवा कायमचा जाणार होता.

चष्मेवाला हात पाठीमागे धरून उभा राहिला. मुलांनी तंबूचा खांब उभा केला. खांब डावीकडे कलला. ह्याचा उजवा हात सुटला. त्याने डाव्या हाताने तो पकडून परत मागे नेला. मुलांनी दोरी ताणली. खांब आणखी कलला. ह्याला घाम फुटला. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, तर तिथून तिरकेपणा जास्तच स्पष्ट दिसायला लागला!

तिथेच एका दिव्याच्या खांबाजवळ लहान गटातले दोघे जुळे भाऊ गाठी मारायचा सराव करत होते. चष्मेवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अरे, खांबाला काय गाठी मारता? मला बांधा! हात मागे, खांबाला टेकवून. घट्ट हं!"

"खरंच, चष्मेकाका?"

"खरंच! बघू तुमची तयारी!"

जुळ्यांना आणखी काय हवं? त्यांनी असं काही जीव ओतून बांधलं की बोटसुद्धा हलेना. तेवढ्यात शिट्टी झाली आणि दोघेही धूम पळाले. चष्मेवाला मनातल्या मनात स्वतःवर बेहद्द खूश झाला. आता प्रत्यक्ष परीक्षकांनी विनवलं तरी ह्याच्याकडून मदत होणं शक्य नव्हतं!

आला तो मैदानाचा रखवालदार. गेले काही दिवस मैदानावरचे नळ चोरीला जात होते आणि बिचाऱ्याची नोकरी टांगणीला लागली होती. खांबाला बांधलेला माणूस बघून त्याला गहिवरून आलं.

"पकडला! पोरांनी चोर पकडला! बोल, नळ कुठेत?"

"कसले नळ? अहो, मला कुणी पकडलेलं नाही! मी स्वतःच बांधून घेतलंय!"

"स्वतःच? का?"

"माझे हात माझ्या ताब्यात राहत नाहीत म्हणून!"

"ऐकलंत?" रखवालदाराने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "कबूल केलं!"

बघता बघता गर्दी जमली. फिरायला आलेले, पळायला आलेले, मुलांना सोडायला आलेले पालक. त्यातल्या एक बाई पुढे होऊन म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आपले चष्मेवाले!" चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. पण बाईंनी स्वतःचा चष्मा काढून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "तरीच मला मेलं जवळचं दिसत नाही!"

आता गर्दीत प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. आणि नेमक्या त्याच वेळी फाटकातून मोठ्या ताई परीक्षकांना घेऊन आत आल्या.

चष्मेवाल्याने तंबूकडे पाहिलं. मुलगी चहाचं भांडं हातात धरून इकडेच बघत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर किती बरं! काही केलं नाही, कशाला शिवलो नाही, तरी पोरीची लाज गेलीच. त्याने मान खाली घातली. तिने ओळख दाखवली नसती तरी त्याला राग आला नसता.

मुलीने भांडं खाली ठेवलं आणि ती गर्दीतून वाट काढत थेट खांबाशी आली.

"ते चोर नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "माझे बाबा आहेत."

गर्दी दोन पावलं मागे सरली.

"मग बांधलंय कशाला?" परीक्षकांनी विचारलं.

ती बापाकडे वळली. "बाबा?"

"तुमचा तंबू..." तो पुटपुटला. "मला राहवलं नसतं गं."

मुलीचे डोळे भरून आले, की ती हसू दाबत होती, हे त्याला कळलं नाही. ताईंनी कपाळावर हात मारला. रखवालदार ओशाळून कोयता घेऊन दोरी कापायला पुढे झाला, पण मुलीने त्याला थांबवलं. जुळ्यांना बोलावलं, तर ते म्हणाले, "गाठ सोडायची कशी ते अजून शिकवलं नाही." शेवटी तिच्या तुकडीने मिळून ती गाठ सोडवली. परीक्षक मान डोलावत चहाचा कप घेऊन तंबूत जाऊन बसले.

मुलगी बापाजवळ उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, खांब तिरका वाटतोय का हो?"

वाटतोय का! सकाळपासून त्याला दुसरं काही वाटतच नव्हतं! मागची खुंटी ढिली होती, दोरी उलट्या बाजूने ताणलेली होती. पण गडी आता फसणार नव्हता. त्याने हात पाठीमागे बांधले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं!"

तंबूने एक उसासा टाकला आणि परीक्षकांसकट तो खाली बसला.

"तुम्हाला दिसत होतं ना?" मुलगी ओरडली.

"दिसत होतं."

"मग बोलायचं ना! हात लावू नका म्हटलं होतं, मुके व्हा कुठे म्हटलं होतं? आता सांगा, कुठली दोरी ओढू?"

आणि चष्मेवाला सांगायला लागला. हात मागेच, पण तोंड अखंड चालू! मागची खुंटी ठोका. दोरी अलीकडे. आणखी थोडं. मुलांनी खेचलं, ठोकलं, आवळलं. कापड हळूहळू वर गेलं आणि त्याबरोबर परीक्षकही प्रकट झाले. कप त्यांच्या हातात होता, चहा शर्टावर.

"परीक्षा तंबू ठोकायची होती," ते शर्ट झटकत म्हणाले. "तुम्ही दोनदा ठोकलात. बिल्ला घ्या."

मोठ्यांच्या मदतीचं काय, असं कुणीतरी विचारलं. परीक्षक म्हणाले, "मी कापडाखाली होतो. मला काही ऐकू आलं नाही."

दुपारी दोघं घरी आली. बायकोने दार उघडता उघडता विचारलं, "मग? आज काय काय दुरुस्त करून आलात?"

"आई, बाबांनी आज कश्शाला हात लावला नाही," मुलगी म्हणाली. "आणि पुढच्या रविवारीही मी त्यांना घेऊन जाणार आहे."

चष्मेवाल्याची छाती फुगली. बायकोने ओले हात पुसले आणि जवळ येऊन ह्याला ताप तर नाही ना, म्हणून आधी कपाळाला हात लावून पाहिला.