सुधाकरदादाचा निळा टॉर्च

आमच्या कामरगावात सुधाकरदादाशी हात मिळवताना लोक दोनदा विचार करतात. कारण तो लगेच खिशातून निळा टॉर्च काढून तुमचा पंजा तपासतो. "आमचं फाटक उघडलं होतं ना तुमी? वांगे कशे हायेत?"

वांग्याच्या वाडीच्या फाटकाला त्याने पूड चोळलेली असते. साध्या उजेडात दिसत नाही, पोटात गेली तरी बाधत नाही, टॉर्चखाली मात्र हिरवी चमकते.

दादा माझा चुलतभाऊ, पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधक; सणासुदीला गावी येतो. "पेशीतली चरबी प्रथिनाले भेटते, काम सांगते, निघून जाते. भेट पाह्यली कोणी?" म्हणून तो चरबीच्या रेणूला गळासारखा एक आकडा लावतो. प्रकाश पडला की आकडा शेजारच्या प्रथिनाला घट्ट धरतो; मग दोघांना सोबतच ओढून काढायचं. "रानातून आल्यावर धोतराले गोखरू असतात ना, तसं. माणूस काय सांगते ते सोड, चिकटलं काय ते पाहा."

"न विचारता खूण करणं म्हणजे पाळत ठेवणं," मी म्हणालो. "मी याविरुद्ध पत्रक काढीन."

"काढ ना. त्याले बी पूड लावू. वाचते कोण ते तरी समजन."

माझ्या मागच्या पत्रकाची पूड एकाच हातावर सापडली होती, न्हाव्याच्या. त्याने त्या कागदाला वस्तरा पुसला होता.

नामदेवकाकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, तो वांग्याची वाडी सोडून गेल्यापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. समोर बसूनही मला सांगत, "त्याले म्हण, जेव." दादाने आपला प्रबंध बांधून आणून दिला, तो त्यांनी धान्याच्या खोलीतल्या फळीवर टाकला. "त्याच्या बुकाले मी हात बी नाही लावला," हे गावभर सांगून झालं.

या दिवाळीत दादाने प्रबंधाच्या पानापानाला पूड लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत उभे होतो. काका पोतं न्यायला आले. दादाने टॉर्च लावला.

काकांची दहाही बोटं हिरवी. उजवा अंगठा सगळ्यात जास्त. आणि खालच्या ओठावर एक हिरवा ठिपका, पान उलटताना बोट ओलं करतात तिथे. प्रबंध इंग्रजीत आहे; काका मराठीसुद्धा अडखळत वाचतात.

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. आता तो सगळ्या गावाला हाका मारणार.

दादाने टॉर्च बंद केला.

"सेल उतरला, बाबा."

काका पोतं उचलून दारापर्यंत गेले. मग मागे न वळता म्हणाले, "दुकानातून नवा आन मंग. जाय, जेऊन जाय."

मला नाही. त्यालाच.