ओला पाय, कोरा कागद

एका पायावर भार देऊन केस कापले की गिऱ्हाइकाचे कल्ले खालीवर होतात, हे सलूनवाल्यांना टाच दुखायला लागल्यावर कळलं. आठवड्यात तिघांचा डावा कल्ला उजव्याहून वर गेला. तिसऱ्याने आरशात बघून विचारलं, आपली मानच वाकडी आहे का. दिवसाचे दहा तास उभं राहता आलं नाही, तर दुकानाला टाळंच लागणार होतं.

डॉक्टरांनी मऊ चप्पल सोडायला सांगितली. टाचेशी घट्ट असलेले बूट घ्या, आत आधार देणारे तळ घाला. पण आधी ओला पाय कागदावर ठेवून ठसा बघा, म्हणजे तळवा कमानदार की सपाट ते कळेल. ज्याच्यावर पन्नास वर्षं उभे आहोत तो तळवा आपण कधी पाहिलाच नाही, हे लक्षात आल्यापासून सलूनवाल्यांना चैन पडेना.

सकाळी त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी कागद अंथरला, ओला पाय ठेवला आणि ठसा गिरवायला पेन्सिल शोधायला गेले. पेन्सिल सापडली, मग चष्मा हरवला. परत येईतो कागदावर एक ठसा ठळक होता. तो जरा लहान वाटला, पण पाणी वाळताना आकसलं असेल, असं म्हणून त्यांनी तोच गिरवला. पार सपाट होता.

बुटांच्या दुकानातल्या बाईंनी तो कागद पाहून मधे चांगला उंचवटा असलेले कडक तळ दिले. सलूनवाले चार दिवस लिंबावर उभं राहिल्यासारखे उभे राहिले आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली.

ते तणतणत दुकानात गेले. बाईंनी शांतपणे त्यांचाच पाय ओला करून फरशीवर टेकवला. छान कमान उमटली.

"तुम्हाला नुसती टाचेखाली गादी हवी. हा कागद कोणाचा?"

सलूनवाले नवी गादी घेऊन घरी आले, ते हाच प्रश्न डोक्यात घेऊन. घरात दोनच माणसं. बायको औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने खोकी भरायची. ती नुकतीच येऊन पाय बादलीत सोडून बसली होती.

"तुझे पाय दुखतात?"

"दुखतात की. पंधरा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांची डोकी बघता. म्हटलं, कधीतरी खाली बघाल."

सलूनवाल्यांना फार ओशाळं वाटलं. त्यांनी बुटांतले कडक तळ काढले आणि केस कापायच्या कात्रीने ते तिच्या मापाचे करायला बसले. माप घ्यायला कागद होताच.

"कात्री बोथट होईल," बायको म्हणाली.

"होऊ दे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कात्रीला धार लावून दुकान उशिरा उघडलं.