हसनाबादकर सुमेधाबाईंची चौदा मिनिटांची मोहीम

हसनाबाद, परगणे भोकरदन, येथील सुमेधाबाई, इस्पितळातील परिचारिका, यांणीं इंग्रजी भाषेच्या उच्च-मध्यम पातळीच्या परीक्षेवर स्वारी केली, ती हकिकत तिखटमीठ न लावता लिहितो. परदेशी इस्पितळाची नेमणूक बाईंचे नावे निघाली होती, परंतु या परीक्षेचा दाखला दाखविल्यावाचून तिकडे पाऊल ठेवू नये ऐसे फर्मान, आणि मुदतीआधीची ही अखेरची परीक्षा.

मग बाई जालनियास दाखल जाहल्या आणि ठाण्यामागून ठाणे घेत चालल्या. वाचन व व्याकरण हा सात दरवाजांचा किल्ला सव्वा तासात सर केला, आणि लेखनाचे दोन मजकूर ऐंशी मिनिटांत मनगट भरून आले तरी पुरे केले, मग श्रवणास बसल्या. तेथे प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा वाजवितात. बाईंस पहिल्याच खेपेस सारे उमगले, म्हणून दुसऱ्या खेपेस शंका काढून दोन बरोबर उत्तरे खोडली. काय सुचले, कोण जाणे!

राहिले संभाषण. चौदा मिनिटे, चार टप्पे, एक साहेब पुसणार, दुसरा मुकाट टिपणार, आणि दोघा उमेदवारांनी आपसांत मसलत करावी ऐसा शिरस्ता. दार उघडले तो जोडीदार म्हणून खासे राजानंद सर! बाईंस पाचवीपासून इंग्रजी शिकविलेले, आता सेवानिवृत्त, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, एक आपली देऊन पाहू, या हौसेने आलेले. बाई ताडकन उठल्या, 'जय भीम, सर' म्हणाल्या, आणि सर बसेतो बसेनात. साहेब चकित.

तिसरे टप्प्यास सवाल आला की, लहान गावी पाहुणे यावेत म्हणून आधी काय बांधावे. सरांणीं वाचनालयाचा पक्ष धरून जे भाषण आरंभिले ते आवरेना, आणि बाई 'येस सर, येस सर' करीत मान हलवीत राहिल्या. सरांचा शब्द तोडावा, ही हसनाबादेत कोणाची बिशाद? इतक्यात साहेबाने हुकूम फर्माविला की, एका मिनिटात निर्णय करा. नेमणूक डोळ्यांदेखत हातची चालली. तेव्हा बाईंणीं टेबलावर हात आपटून अस्खलित इंग्रजीत जाहीर केले की, सर, तुमचे साफ चुकते, बसस्थानकी बायकांस धड शौचालय नाही, तेथे उतरेल कोण आणि तुमचे ग्रंथ वाचील कोण, आधी शौचालय!

सर मान डोलावून वदले की, मंजूर. तह जाहला.

बाहेर येताच बाईंस रडू कोसळले, आणि त्या माफी मागू लागल्या.

सर म्हणाले, "अगं, रडून कामून राह्यली? तीस वर्षं शिकवलं, पन एक लेकरू मला 'सर, चुकलं' म्हणलं न्हाई. मला वाटायचं, मी शिकवून राह्यलो का नुसतं घोकून घेऊन राह्यलो. बराबर बोललीस तू, बिलकुल बराबर!"

महिन्याने निकाल आला. सुमेधाबाई फत्ते पावल्या, नेमणूक कायम जाहली. राजानंद सर दोन गुणांनी शिकस्त खाते जाहले, कारण जोडीदारास बोलू दिले नाही. तरी सरांणीं हसनाबादेत घरोघर पेढे वाटले, आणि कोणी त्यांचे गुण पुसता बाईंचेच सांगितले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते, ऐसे दप्तरी नोंदिले असे.