घंटी वाजली की गुरलिंग उठतो

केजच्या बाजारपेठेत कुठंही घंटी वाजली की गुरलिंग 'आलो!' म्हणून उठतो. कुठंही म्हणजे कुठंही. शाळेची वाजू द्या, देवळातली वाजू द्या, कुल्फीवाल्याच्या गाड्याची वाजू द्या, हा गादीवरून उठलाच. त्याच्यासोबत एसटीनं जाणं म्हणजे तर शिक्षाच. कंडक्टरनं दोरी ओढली, टण् झालं, की हा सीटवरून उभा. बीड येईस्तोवर शेजारच्याच्या पायाचा पार भुगा. एका लग्नात जंगम महाराजांनी पूजेला घंटी वाजवली, तर नवरदेवाच्या आधी हाच 'आलो आलो' करत पुढं गेला. नवरीकडचे घाबरले ना!

मी दत्ता. त्याच्या कापडाच्या दुकानाला लागून माझं कुकर-स्टो दुरुस्तीचं दुकान आहे. बालवाडीपासून आम्ही एकमेकांचं डोकं खातो. त्यामुळं गुरलिंगबद्दल मी काहीही बोललो तरी चालतं. तुम्ही हसलात तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

ही घंटीची खोड त्याला लागली अप्पांमुळं. अप्पा म्हणजे त्याचे वडील. कापड विकावं तर अप्पांनी. धोतरजोडी घ्यायला आलेला माणूस बायकोला लुगडं, सासूला खण आणि पोरांना चड्ड्यांचं कापड घेऊन जायचा, आणि जाताना वर अप्पांचेच आभार मानायचा. सगळी जादू तोंडाची. आणि लकवा मारला तो नेमका त्याच तोंडाला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. राहिला डावा हात. दुकानाच्या आतल्या खोलीत त्यांची खाट टाकली, आणि त्या हाताशी वहिनींनी, म्हणजे गुरलिंगच्या बायकोनं, देवघरातली पितळी घंटी ठेवली.

घंटी वाजली की गुरलिंग हातातलं गिऱ्हाईक टाकून 'आलो अप्पा!' म्हणून पळायचा. मग सुरू व्हायचं. पाणी देऊ? पंखा लावू? कुशीवर करू? लघवीला लागली? अप्पा नुसते बघत राहायचे, आणि शेवटी तोंड फिरवायचे. हा परत गादीवर येऊन बसला की परत घंटी.

त्यात भेटायला येणारी माणसं. अप्पा समोर बसलेले असताना 'खातेत का काही?' असं गुरलिंगला विचारायची. ह्यात सगळ्यात पुढं बीडचे दाजी, त्याच्या बहिणीचे मालक. बोलायला लागले की आभाळच फाटायचं. एकदा अप्पांच्या पुढ्यात बसून, त्यांच्याच घरचा चहा बशीत ओतत म्हणाले, "आता यांचं काय ऱ्हायलंय, गुरलिंग? युसूफ वडगावच्या शेतात खोली हाय, एक गडी ठेवू. दुकानात असं माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतंय."

गुरलिंग तसा मऊ माणूस. पण त्या दिवशी भिंतीपलीकडून मी त्याचा आवाज ऐकला आणि हातातला स्टो खाली ठेवला.

"लकवा तोंडाला मारलाय दाजी, डोक्याला न्हाई! समदं ऐकायलेत ते. अप्पा इथंच बसतील, ह्याच गादीवर. ज्याला बिचकायचंय त्यानं दुसऱ्या दुकानातून कापड न्यावं!"

तेव्हापासून हे त्याचं पालुपद झालं. बँकेत, दवाखान्यात, बाजारात, कुणी अप्पांच्या डोक्यावरून बोललं की हा कडाडायचा: 'डोक्याला न्हाई!' लोकांना वाटायचं, परिणाम ह्याच्याच डोक्यावर झालाय.

तेव्हा केजात कॉम्प्युटर नवे नवे यायला लागले होते. लग्नपत्रिका छापायच्या नादानं गुरलिंगनं एक घेतला. नाद बुडाला, कॉम्प्युटर राहिला. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवर लहान लेकरांचा खेळ होता. कळ दाबली की गाय हंबरायची, दुसरी दाबली की कुत्रं भुंकायचं. एक दिवस अप्पांनी डावा हात लांब करून कळ दाबली. गाय हंबरली. अप्पा अर्ध्या तोंडानं हसले.

गुरलिंग तसाच पळत माझ्याकडं आला. "दत्ता, गायीच्या जागी 'पाणी' म्हणलं तर बे?"

तो खेळ म्हणे मुक्त सॉफ्टवेअर होता. मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतंय? तर ह्यानं माझ्याच हातातला कुकर उचलला. "ह्याचं झाकण निघतंय, वॉल्व्ह बदलता येतोय, म्हणून तुझं दुकान चालतंय का न्हाई? कंपनीनं झाकण वेल्डिंग करून दिलं आसतं तर तू काय केलं आसतं? हे सॉफ्टवेअर बिनवेल्डिंगचं हाय. उघडा, बघा, बदला, दुसऱ्याला द्या." एवढं मला कळलं, आणि पटलंही.

बीडच्या एका कॉम्प्युटरवाल्याला मात्र पटलं नाही. तो म्हणाला, असं आतलं बदलायला परवानगी लागते. गुरलिंगनं त्याच्या काउंटरवर थाप मारली. "माझ्या घरात, माझ्या मशीनवर, माझ्या बापानं पाणी मागायचं, आन् परवानगी कुणाची?" पुस्तकं आणली, कॉलेजातल्या पोरांचे पाय धरले, आणि शिकला.

आवाज भरायला बाजारात शांतता कुठली? तो कापडाच्या गोदामात जाऊन तागांच्या मधोमध बसायचा. तागे सगळा गोंगाट पिऊन टाकतात. पहिल्यांदा त्यानं भरलं, 'कृपया मला पाणी द्यावे.' अप्पांनी ते ऐकून असं तोंड केलं की जणू कुणी त्यांना सुताच्या भावात नायलॉन विकलं. मग गुरलिंगनं अप्पांची हुबेहूब नक्कल करून भरलं, 'पाणी आण बे!' अप्पांचे डोळे चमकले. दिवसभर पाणी मागून मागून त्यांनी घरादाराला दमवलं.

दुकानासाठी पण कळा केल्या. 'या, काय दाखवू?', 'भाव एकच हाय', आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायला 'बस जरा.' अप्पा परत धंद्याला लागले. फक्त एक जनावर आत राहून गेलं होतं, गाढव. ते काढायच्या आधीच दाजी आले. दाजींनी बोलायला तोंड उघडलं आणि अप्पांनी कळ दाबली. गाढव असं ओरडलं की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. दाजी थांबले, परत सुरू झाले, परत गाढव. ती कळ काढायची नाही, असं अप्पांनी हातानंच बजावलं.

आता हे पुण्याला नेऊन दाखवायचं असं गुरलिंगच्या डोक्यात बसलं. तिथं मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन होतं. ज्याला काही सांगायचंय त्यानं उठून पाच मिनिटं बोलायचं. पाच मिनिटं झाली की घंटी. मला कुकरच्या गास्केटा आणायच्याच होत्या, म्हणून मीही गेलो.

आपल्याकडं कार्यक्रम म्हटलं की अध्यक्ष आले, सत्कार आला. कापडदुकानदाराचा पोरगा रिकाम्या हातानं कसा जाईल? शाल, श्रीफळ, हार, सगळं पिशवीत. तिथं बघतो तर अध्यक्षच नाहीत! व्यासपीठावर खुर्ची नाही. पोरं-पोरी फरशीवर मांडी घालून बसलेली, एकजण अनवाणी. गुरलिंगनं चहूकडं पाहिलं. हातात घंटी घेतलेली एक बाई तेवढी जबाबदार वाटली. ह्यानं तिलाच शाल पांघरली, नारळ दिला. मग 'इथं जमलेले सर्व मान्यवर' सुरू केलं. अनवाण्या मान्यवराचंही नाव विचारून घेतलं. मग केजचा परिचय. मग आम्हाला बोलावल्याबद्दल आभार. भाषणात अप्पांचा विषय काही येईना. मी खालून खुणा करतोय, हा मलाच नमस्कार करतोय.

घंटी वाजली.

"आलो अप्पा!" गुरलिंग ओरडला, व्यासपीठावरून उडी मारली आणि सरळ दाराबाहेर पळाला. जिन्यापाशी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की अप्पा इथं नाहीत, केजात आहेत. सभागृह हसून हसून लोळत होतं. मला पण हसू आलं असतं, पण मी त्याचं तोंड बघितलं.

परतीच्या एसटीत तो कंडक्टरच्या घंटीलाही उठला नाही. नगर गेल्यावर म्हणाला, "पुढल्या साली परत यायचं."

"कावून बे? एवढी फजिती कमी झाली का?"

"माझं बोलणं ऱ्हायलं. लोकं हसली, ती मला हसली. अप्पाचं कुणी ऐकलंच न्हाई."

दाजींना हे कळलं. पुण्याला जाऊन हसं करून घेतलं, आता तरी शेतावरच्या खोलीचं बघा, असं ते महिनोन्महिने म्हणत राहिले. गुरलिंग एकच बोलायचा, "जाणार. आन् ह्या टायमाला मी बोलणारच न्हाई. अप्पा बोलतील."

वहिनी रडल्या, डॉक्टर रागावले. मी म्हणालो, अरे, म्हातारं माणूस वाटेत राहिलं तर? तो म्हणाला, "खोलीत ठिवलं तर ते आत्ताच ऱ्हाईल." अप्पांना विचारलं तर त्यांनी कळ दाबली: 'भाव एकच हाय.' मग काय, जीप ठरवली. मागं गादी टाकून अप्पा, शेजारी गोधड्यांत गुंडाळलेला कॉम्प्युटर, आणि मी पाय पोटाशी घेऊन. गुरलिंग वाटभर एका हातानं अप्पांना धरून होता आणि दुसऱ्या हातानं मॉनिटर.

पुण्यात आम्ही अप्पांना खुर्चीसकट जिन्यावरून उचललं. अनवाणी पोरगाही उचलायला आला. घंटीवाल्या बाईनं गुरलिंगला ओळखलं. म्हणाली, यादीत नाव तुमचं आहे, तेव्हा बोलायचं तुम्हीच. गुरलिंग म्हणाला, "बोलणार अप्पा. मी त्यांचा माणूस. काय करायचं ते करा."

अप्पांनी सभागृह एकदा नजरेखालून घातलं, दिवाळीच्या आधी दुकान बघायचे तसं. मग कळ दाबली.

'या, काय दाखवू?'

लोक हसले. 'भाव एकच हाय.' अजून हसले. 'पाणी आण बे!' गुरलिंगनं खरंच तांब्या पुढं केला, अप्पा घोटभर पाणी प्याले, आणि हसणं हळूहळू थांबलं. लोकांना कळलं, की ही गंमत नाही, हा माणूस बोलतोय.

एका चष्मेवाल्यानं हात वर करून गुरलिंगला विचारलं, "त्यांना कळतं का, आपण काय दाबतोय ते?"

गुरलिंगच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, आता हा कडाडणार. पण तो शांतपणे म्हणाला, "त्यांनाच इचारा की."

चष्मेवाला अप्पांकडं वळला, खाकरला, म्हणाला, "आजोबा, तुम्हाला..."

अप्पांनी गाढव दाबलं.

सभागृह नुसतं फुटलं. चष्मेवाला सगळ्यात जास्त हसला आणि वाकून त्यानं अप्पांना नमस्कार केला. मी टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसले, त्यात लपवायचं काय?

आता गुरलिंग पुढं आला. हा खेळ आतून उघडा होता म्हणून माझ्या बापाला तोंड मिळालं, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मागून आवाज आला.

'बस जरा.'

"हां अप्पा, एवढं सांगतो आन्..."

'बस जरा.'

गुरलिंगनं मागं बघितलं. अप्पा गिऱ्हाइकांकडं बघत नव्हते. ते त्याच्याकडंच बघत होते. वर्षानुवर्षं घंटी वाजवून, पाणी, पंखा, कूस, लघवी, सगळ्याला तोंड फिरवून ज्याची वाट बघितली, ते त्यांनी त्या पुणेकरांच्या समोर मागितलं. ती कळ गुरलिंगनं गिऱ्हाइकासाठी केली होती. त्याच्यासाठी ती आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तो व्यासपीठाच्या कडेला, अप्पांच्या खुर्चीपाशी, फरशीवर बसला. अप्पांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. राहिलेला सगळा वेळ असाच गेला.

मग बाईनं घंटी वाजवली, अगदी हळू.

"आलो अप्पा," गुरलिंग म्हणाला आणि उठायला लागला. अप्पांनी त्याची कॉलर धरून त्याला परत खाली बसवलं.

त्यानंतर तो खेळ कुणीकुणी मागून नेला, आपापल्या माणसांचे आवाज त्यात भरले. केजात गुरलिंगनं एक नियम केला. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की शटर अर्धं ओढायचं आणि अप्पांजवळ बसायचं, काही न विचारता. दाजी एकदा म्हणाले, धंद्याच्या वेळेला हे काय? उत्तर गाढवानं दिलं.

अप्पा गेले, त्याला बरीच वर्षं झाली. गेले ते दुकानातच, गादीवरून. आता त्या गादीवर गुरलिंग बसतो. दुपारी बाजार सुना पडतो आणि कुल्फीवाला नेमका तेव्हाच घंटी वाजवत येतो. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, 'आलो!' गुरलिंग उठतो, दोन पावलं आतल्या खोलीकडं जातो आणि दारात तसाच उभा राहतो. काय करावं ते त्याला सुचत नाही.

मग मी हातातलं काम ठेवतो आणि त्याच्या दुकानात जाऊन गादीच्या कडेला टेकतो.

"बस जरा, बे," मी म्हणतो.

आणि तो बसतो.