मामा खोली निजून बघतो

माझा बाबूमामा कुठल्याही नव्या घरात गेला की आधी जमिनीवर आडवा व्हायचा. चहा, पाणी, रामराम सगळं नंतर. डोक्याचं पागोटं काढून उशाला घ्यायचा, हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थोडा वेळ तसाच पडून राहायचा. मग उठून बसायचा आणि त्या घराविषयी आपलं मत सांगायचा. मत कुणी विचारलेलं नसायचं.

माझ्या बहिणीच्या सोयरिकीच्या वेळी तो पाहुण्यांच्या सोप्यात असाच आडवा झाला होता. मुलाचे वडील घाबरून उभे राहिले. मामा उठला आणि म्हणाला, "द्या पोरगी. घर थंडगार हाय." बहीण तिथं सुखात नांदते आहे, त्यामुळे मामाला बोलायची पुढं कुणाची छाती झाली नाही.

मी मॅट्रिक झालो आणि पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या पौडकडच्या भागातून तेव्हा फार मुलं कॉलेजात जात नसत. वसतिगृह भरून गेलेलं. वडील म्हणाले, "कॉलेज सुरू व्हायच्या आत जागा मिळाली तर जा. न्हाई तर औताला माणूस कमीच हाय." आणि जागा शोधायला त्यांनी माझ्याबरोबर पाठवलं ते बाबूमामाला.

पहिली जागा पेठेत, दुसऱ्या मजल्यावर होती. मालक पेन्शनर गृहस्थ. ते भाड्याचं बोलायला लागले, तोवर मामा खोलीच्या मधोमध आडवा. गृहस्थांना वाटलं, फेफरं आलं. ते धावत आत गेले आणि फोडलेला कांदा घेऊन आले. मामाच्या नाकाशी कांदा धरला, तसा मामा डोळे न उघडताच म्हणाला, "मालक, जरा गप बसा. ऐकू द्या."

आम्हाला जिना दाखवण्यात आला.

दुसरी खोली मला फार आवडली. खिडकीतून टेकडी दिसत होती, कॉलेज जवळ होतं, भाडंही बेताचं. मामा पडून राहिला, उठला आणि नको म्हणाला.

"का पण?"

"आपुन उन्हातनं आलो. पोरगा जेवला का म्हणून कुणी इचारलं?"

"मामा, आपण जागा घ्यायला आलोय. जेवायला नाही."

"तू जागा घेतुयास. मी पोरगा देतुया."

रस्त्यात मी त्याच्या पुढं पुढं चालत राहिलो. कॉलेज दोन दिवसांवर आलेलं आणि हा माणूस एकेक खोली झोपून नापास करत होता. शेवटी एका झाडाखाली बसून भाकरी सोडली, तेव्हा मी विचारलंच, "मामा, तू असा आडवा होऊन ऐकतोस तरी काय?"

मामानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "आमचं गाव धरणात गेलं, तवा मी तुझ्यापरीस ल्हान. तुझी आई तर कडेवर. मग ह्या पाव्हण्याकडं चार म्हैनं, त्या पाव्हण्याकडं सहा म्हैनं. सगळी चांगली माणसं. पर रातच्याला अंथरूण टाकलं की कुणी तरी म्हणायचंच, जरा सरक तिकडं. सरकून सरकून मी पार उंबऱ्याभाईर." तो हसला. "तवाधरनं कळाया लागलं. भुईला पाठ टेकली की समजतंय, हितं सरक म्हणतील का न्हाई."

मामानं पुढं लग्न केलं नाही. आमच्या गावाच्या कडेला, खळ्याशेजारी एका खोपटात तो एकटाच राहायचा. आईनं कितीदा म्हटलं तरी आमच्या घरी झोपायला आला नाही. हे असं का, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता.

तिसरी जागा नदीकाठच्या एका बैठ्या घरातली मागची खोली. मालकीणबाई विधवा, शाळेत शिकवणाऱ्या, आवाज करडा. "दिवा दहाला बंद. मित्र आणायचे नाहीत. विडीचा वास आला तर सामान बाहेर," त्यांनी एका दमात सांगितलं. आणि वळून बघतात तो मामा आडवा.

मी डोळे मिटून घेतले. आता ही बाई काय म्हणणार?

"अहो," बाई म्हणाल्या, "फरशी गार आहे. चटई देऊ का?"

मामा उठून बसला. त्यानं पागोटं नीट बांधलं, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, पोरगा तुमचा. चुकला तर कान धरा, पर उपाशी झोपवू नका."

"जेवणाचं आपलं काही ठरलेलं नाही," बाई म्हणाल्या. जरा थांबून विचारलं, "तिखट किती खातो?"

संध्याकाळी मी मामाला गाडीवर सोडायला गेलो. पौडची गाडी लागलेली होती. मामा म्हणाला, "ही नगं. डायवर घाईतला दिसतुया." ती गेली. पुढची आली, तर म्हणाला, "हिच्यात लई माणसं हायेत." गाडी अर्धी रिकामी होती. आम्ही बाकावर बसून राहिलो. नळाचं पाणी उकळून पी, रस्ता ओलांडताना सायकलींवर ध्यान ठेव, असं तो मधूनमधून सांगत होता.

"रविवारी कालेज असतंय का?" त्यानं विचारलं.

"नसतं."

"मग बरं," एवढंच म्हणाला.

तिसरी गाडी त्या दिवसाची शेवटची होती. मामा चढला आणि मी उभा होतो त्याच्या उलट बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला. मी गाडीला वळसा घालून तिकडं गेलो. मला बघताच तो घाईनं उठला आणि पुन्हा पलीकडच्या बाकावर गेला, तोंड बाहेर करून.

मी मग परत फिरून गेलो नाही. गाडी हलेपर्यंत तिथंच त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो.