तोयामाच्या काळ्या रश्शाची मोहीम

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिची पळी कधी रिती होत नाही आणि जिच्या पंक्तीतून उपाशी कोणी उठत नाही, तीस दंडवत घालून हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास. समुद्राकाठच्या एका शहरी, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे एक राज्य होते. राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. घंटी वाजविली असता दार उघडे, इतके पुरे. त्या राज्याचे थोरले महाराज तात्यासाहेब टिपणीस, वयोवृद्ध, अट्टल खवय्ये आणि जिभेचे मोठे तिखट. त्यांचे चिरंजीव विनायकराव, स्वभावे सौम्य, मसलत चालली असता वर्तमानपत्रामागे आश्रय घेणारे. आणि विनायकरावांच्या अर्धांगी मृदुलाबाई, ज्यांचे हाती मुदपाकखान्याचा सर्व कारभार. तात्यासाहेबांची कीर्ती ऐसी की पानावर बसावे आणि पहिल्या घासास निवाडा द्यावा. बिरड्याचे वाल गाळ शिजले, कोलंबी कालची आहे, सोलकढीस कोकम जुने घातले, ऐसे एकेक दोष काढावे, आणि बाईंनी पदर खोचून सवाल-जवाब करावे, आणि विनायकरावांनी मधल्यामध्ये आणखी भात घ्यावा. बाई सून होऊन आल्या तेव्हापासून हे युद्ध चालले. बाई कधी रडल्या, कधी भांडल्या, परंतु हाताची चव वर्षागणिक चढत गेली, हे शत्रूनेही कबूल करावे.

मग महामारी आली, आणि तात्यासाहेबांस ज्वराने गाठले, आणि ज्वर उतरला, प्राण वाचले, परंतु नाकाचा वास आणि जिभेची चव जी गेली ती परतोन आली नाही. वैद्यांनी सांगितले, येईल, वाट पाहा. वाट पाहता पाहता वर्षे लोटली. तेव्हापासून तात्यासाहेबांनी पानावर बसावे, काहीही वाढले तरी खाली मान घालून चार घास घ्यावे, आणि "बरं आहे" इतके बोलून उठावे. पुढे अर्धी पोळी, पुढे चतकोर, आणि सदरे खांद्यावरून घसरू लागले. बाईंनी मिरची वाढवून पाहिली, मसाले पालटून पाहिले, आणि एके दिवशी जिवावर उदार होऊन आमटीस मीठ दुप्पट घातले. विनायकरावांस पहिल्या भुरक्यास ठसका लागला, आणि तात्यासाहेब तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "बरं आहे." त्या दिवशी बाई ओट्यास टेकून रडल्या. ज्या जिभेचा आजवर राग केला, तिच्यावाचून स्वयंपाकघर ओसाड वाटू लागले, आणि म्हातारा असाच पानावरून उठत उठत एक दिवस कायमचा उठेल, हे भय पोटात शिरले. मग डोळे पुसले, आणि निश्चय केला की हा मनुष्य पुन्हा आपणांस नावे ठेवील तेव्हाच आपण गप्प बसू.

त्याउपरि बाईंनी मुलूखमुलूखचे वर्तमान मोबाईलवर शोधावे. शोधता शोधता जपान देशीची हकीकत हाती आली, ती ऐसी की त्या देशी रामेन म्हणोन शेवयांचा रस्सा करितात, आणि जसा प्रांत तसा रस्सा, कोठे हाडे उकळून पांढरा, कोठे मिसो, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा गोळा, घालून पिवळा. परंतु तोयामा प्रांतीचा रस्सा काळा, आणि सर्वांत खारट. कारण की मोठ्या युद्धात ते शहर जळून राख जाहले, मग उभारणीस मजूर आले, दिवसभर घाम गाळीत, घरून नुसत्या भाताचे डबे आणीत. तेव्हा त्या भातास तोंडीलावणे व्हावे आणि गेलेले मीठ अंगात परत यावे म्हणोन हा रस्सा निघाला. बाईंनी हे दोनदा वाचले आणि विनायकरावांस म्हणाल्या, "तिकिटं काढा. तात्यांना घेऊन जपानला जायचंय."

विनायकरावांनी वर्तमानपत्र खाली ठेविले, ही गोष्ट त्या राज्यात अपूर्व. म्हणाले, "अगं, शेवया खायला जपान? आणि तात्यांचा रक्तदाब?"

बाई बोलिल्या, "डॉक्टरांना विचारलंय. एक वाडगा, एकदाच, आणि रस्सा तळापर्यंत प्यायचा नाही. तुम्ही येणार की आम्ही दोघंच जाऊ?"

विनायकराव राज्य राखावयास मागे राहिले. तात्यासाहेबांस विचारिले तो म्हणाले, "चल. मला कुठलंही जेवण सारखंच." हे ऐकून बाईंनी तोंड फिरविले, आणि सामान बांधिले.

मग विमानाने समुद्र लंघोन तोक्यो गाठिले, आणि तेथून वेगवंत आगगाडीने डोंगर फोडीत तोयामास दाखल जाहले. शहर नेटके, रस्त्यातून ट्राम धावतात, आणि पूर्वेस तातेयामाचे पहाड बर्फाने पांढरे होऊन उभे. तात्यासाहेबांनी पहाडाकडे पाहून "थंडी आहे" म्हटले, बाकी स्वारी मुकी. बाईंनी त्यांस शालीत गुंडाळून, हात धरून, एका बोळातले लहानसे दुकान गाठिले. आत एक लांब फळी, फळीपुढे स्टुले, आणि फळीपलीकडे मिझुशिमाबाई म्हणोन दुकानाच्या मालकीण, डोकीस फडके बांधून पातेल्यापुढे उभ्या. भाषेस दुभाष्या मोबाईलच. रश्शात मांस कसले, हे तात्यासाहेबांनी विचारिले नाही आणि बाईंनी सांगितले नाही. क्षणात दोन वाडगे पुढे आले. रस्सा दौतीतील शाईसारखा काळा, वर भरड मिरी, कांद्याची पात मूठभर, आणि खाली शेवया बुडालेल्या. मालकिणीने हाताने खूण केली की तळापासून ढवळा. बाईंनी ढवळोन दिले, आणि आपला वाडगा तसाच ठेवून सासऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसल्या, की इतक्या दूर येऊन आता "बरं आहे" म्हणाले तर पुढे मुलूख उरला नाही.

तात्यासाहेबांनी एक भुरका मारिला. भुवया वर चढल्या. दुसरा मारिला, चमचा फळीवर आपटला, आणि दुकान दणाणेल ऐसे बोलिले, "खारट आहे. जेवण आहे की मिठागर? हिला मिठाचा अंदाज कुणी शिकवलाच नाही का?"

मृदुलाबाईंचे डोळे भरोन आले. परंतु फळीवर पडलेला मोबाईल ऐकत होता, त्याने आपले इमान राखोन सर्व जपानीत सांगून टाकिले. मालकीण बिचारी कमरेत वाकून क्षमा मागू लागली, आणि कढत पाण्याची किटली घेऊन वाडग्यात ओतावयास धावली. हे पाहून बाईंनी दोन्ही हातांचे तळवे वाडग्यावर पालथे घातले. वाफेने तळवे भाजले, परंतु हात काढिले नाहीत.

मालकीण मोबाईलमुखे म्हणाली, "परदेशी पाहुण्यांना आम्ही पातळ करून देतो. यात अपमान नाही."

बाई म्हणाल्या, "एक थेंब पाणी घालू नका, ताई. तीन वर्षांनी हे माणूस जेवणावर रागावलंय. त्यांना रागवू द्या."

मालकिणीने हे ऐकिले, तात्यासाहेबांकडे पाहिले, किटली खाली ठेविली. मग हसोन आत गेली आणि पांढऱ्या भाताचा वाडगा भरोन आणिला, की हा पदार्थ मुळी याच्यासंगेच खावयाचा. भात पाहताच तात्यासाहेबांनी जेवावयाच्या काड्या दूर सारिल्या, बाह्या वर केल्या, भातावर थोडा काळा रस्सा ओतोन पाची बोटांनी कालविला, आणि भात संपविला. बाजूच्या दोन गिऱ्हाइकांनी खाणे थांबवून हे कौतुक पाहिले.

तात्यासाहेब हात धुवोन आल्यावर बाई म्हणाल्या, "तात्या, चव आली ना?"

तात्यासाहेब म्हणाले, "नाही गं. नुसतं खारट कळतं, आणि मिरी झोंबते. बाकी काही नाही. खारट तर घरीही कळायचं. तू त्या दिवशी आमटी खारट केलीस, तेही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाकीचं काही कळत नाही, नुसतं मीठ कळतं, त्या माणसानं तुझ्या स्वयंपाकाला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? वाटलं, आता आपला अधिकार गेला. गप्प बसावं. आज या बाईचं जेवण होतं म्हणून तोंडातून निसटलं."

ऐसे बोलोन खाली पाहू लागले. बाईंस वाटले की आपण चव शोधावयास समुद्र ओलांडिला, आणि गेले होते ते दुसरेच. मग त्यांची शाल नीट केली आणि म्हणाल्या, "मीठ कळतं ना? मग मिठावर बोला. तुमचा अधिकार मी काढून घेतलेला नाही. आणि तुम्ही बोलल्याशिवाय मला कळणार कसं?"

तात्यासाहेबांनी नाक पुसले आणि उठता उठता म्हणाले, "थंडीनं वाहतंय."

मग मालकिणीचा निरोप घेऊन, पहाडांस रामराम करून, मजल दरमजल स्वराज्यी परत आले. दुसरे दिवशी पान मांडिले. तात्यासाहेबांनी आमटीचा भुरका घेतला, सुनेकडे पाहिले, कचरले, आणि मग म्हणाले, "अळणी आहे." बाईंनी मीठ आणोन चिमूटभर घातले. म्हणाले, "आता ठीक. इतकी वर्षं झाली, तुला मीठ काही जमलं नाही." आणि एक पोळी पुरी घेतली, आणि भात मागितला.

तात्पर्य, राज्य बहुत गेले, एक ठाणे राहिले, आणि त्या ठाण्यावर थोरले महाराज अद्याप नांदत आहेत. बाईंच्या माहेरी विचारिले असता सांगतात की मृदुलेचे मीठ जन्मात चुकले नाही, डोळे मिटून घातले तरी बरोबर. हल्ली मात्र आमटीस रोज थोडे कमी पडते. आलेले-गेलेले पाहुणे मागे बोलतात की बाईंचा हात गेला. बाई ऐकतात आणि बोलू देतात. इति.